दोन किलोमीटर, विनापरवानगी

टेकूला उभं राहायला काहीतरी लागतं. भिंत, खांब, दाराची चौकट, फाइलींचं कपाट आणि अगदीच काही नसेल तर दुसरा माणूस. छत्तीस वर्षांच्या आयुष्यात तो आधाराशिवाय सलग दोन मिनिटं उभा राहिल्याची कुठेही नोंद नाही. नोंदी करणं हेच त्याचं काम असल्यामुळे या विधानावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक शाखेत तो कारकून. बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा आणि कागद पुढच्या टेबलावर सरकवायचा. पुढे त्या कागदाचं काय होतं हे त्याने बारा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला उठावं लागलं असतं.

तर हा माणूस एका रविवारी सकाळी सात वाजता बिल्डिंगच्या फाटकाला टेकून, हातात चहाचा कप धरून मॅरेथॉन बघत होता. हौस म्हणून नव्हे. दूध आणायला बायकोने पिटाळलं होतं, रस्ता दोरी लावून बंद केला होता, आणि दुधाचं दुकान दोरीच्या पलीकडे होतं. "नऊनंतर," एवढंच पोलीस म्हणाला होता. घरातल्या शेवटच्या दुधाचा चहा टेकूच्या हातात होता आणि परत वर जाऊन ही बातमी बायकोला सांगण्यापेक्षा दोन तास फाटकाला टेकणं त्याला बरं वाटलं.

आधी खरे धावपटू गेले. काटक, गंभीर, मागे कुणीतरी लागल्यासारखे. त्यांच्याकडे बघून टेकूला काहीच झालं नाही. विमानाकडे बघून आपल्यालाही उडावंसं थोडंच वाटतं? मग साधी माणसं यायला लागली. एक बाई धावता धावता फोनवर कुणाला तरी कुकर बंद करायला सांगत होती. एक पोटवाले गृहस्थ स्वतःच्या पोटाच्या जरा मागे राहून धावत होते. आणि त्यांच्यामागून एक सत्तरीचे आजोबा आले. पांढरी टोपी, दोन माप मोठी चड्डी. ते सरळ टेकूकडे आले, त्याच्या हातातला कप घेतला, दोन घोट प्यायले, "साखर जास्त आहे," म्हणाले, कप परत दिला आणि निघून गेले.

टेकू बघतच राहिला. या माणसाचं वय आपल्या दुप्पट आहे, आणि याला चहात साखर किती आहे हे पळतानासुद्धा कळतंय. आपल्याला बसल्या जागी कळलं नव्हतं. त्याच्या आत काहीतरी हललं. तो फाटकापासून सुटला आणि रस्त्याच्या कडेला चक्क एकटा, स्वतःच्या पायांवर उभा राहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बायकोने हे पाहिलं आणि तिला वाटलं, फाटक पडलं.

तो वर आला तो धापा टाकत.

"मी धावणार आहे," तो म्हणाला.

"दूध?" बायकोने विचारलं.

बायको दवाखान्यात परिचारिका होती. कुणी काही मोठ्याने जाहीर करायला लागलं की आधी नाडी बघायची तिला सवय होती. तिने त्याचं मनगट धरलं, घड्याळात पाहिलं आणि म्हणाली, "एकशे बारा. तीन जिने चढून आलास फक्त. बस."

टेकू बसणार होता, पण तेवढ्यात आतून कन्या आली. कन्या आठ वर्षांची आणि स्वभावाने लेखापरीक्षक. तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी होती: "बाबा करणार म्हणाला त्या गोष्टी." पोहायला शिकवणार. सायकल दुरुस्त करणार. गच्चीवर झोपायला नेणार. पेटी शिकणार. अशा अकरा गोष्टी. प्रत्येकीपुढे एक चौकोन होता आणि अकराही चौकोन कोरे होते. ती कधी काही बोलत नसे. फक्त टेकू काही जाहीर करू लागला की वही घेऊन येई.

"बारा," ती लिहिता लिहिता म्हणाली. "बाबा शर्यतीत धावणार. कधी?"

तीन महिन्यांनी याच रस्त्यावर दहा किलोमीटरची शहर दौड होती. खालच्या भिंतीवर तिची जाहिरात लागली होती आणि टेकू दीड तास तिच्याच शेजारी टेकून उभा होता.

"तीन महिन्यांनी," तो म्हणाला.

"इथूनच जाणार ना? मी खाली उभी राहीन. पाटी घेऊन." मग जरा थांबून म्हणाली, "मैत्रिणींना बोलावू का, की नको?"

त्या "की नको" मध्ये आठ वर्षांचा अनुभव होता. टेकूला तो नेमका लागला. "बोलाव," तो म्हणाला. "सगळ्यांना बोलाव."

बायकोने पुन्हा नाडी पाहिली.

धावायचं ठरवलेला माणूस बिल्डिंगमध्ये लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकू फाटकाबाहेर पडतो तोच तळमजल्यावरच्या काकूंनी गाठलं. "माझा पुतण्या धावायचा," त्या म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. नुसतं स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. संध्याकाळी त्या पुतण्याच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या. तो दिव्यासमोर धरून त्यांनी टेकूला दाखवला, बायकोला दाखवला, आणि कन्येने मागितला म्हणून तिलाही दाखवला. "ठेवा तुमच्याकडेच," जाताना त्या म्हणाल्या. "रोज बघत जा." एक्स-रे पुढचे तीन महिने फ्रिजवर होता.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त ड्रिल मास्तर राहत. त्यांनी टेकूला गच्चीवर बोलावून आपादमस्तक न्याहाळलं.

"धावायचंय?"

"हो, मास्तर."

"आधी उभं राहायला शीक. टाकीपासून दूर हो!"

टेकूला तो टाकीला टेकलाय हेही माहीत नव्हतं. मास्तरांनी त्याला गच्चीच्या मधोमध उभं केलं, जिथून कुठलीही भिंत हाताला लागणार नाही असं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सातव्या मिनिटाला टेकू सावकाश कलायला लागला आणि शेवटी मास्तरांच्याच खांद्यावर विसावला. मास्तरांनी चाळीस वर्षांत हजारो पोरं उभी केली होती, पण असं कुणी त्यांच्या अंगावर निवांत टेकलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. "चार दिवस सुट्टी," ते हळूच म्हणाले.

दहाव्या दिवशी धावणं सुरू झालं आणि अकराव्या दिवशी बंद पडलं, कारण गच्चीखालच्या बिऱ्हाडातल्या दिव्याची तबकडी निखळली. सोसायटीची तातडीची बैठक भरली. "गच्चीवर धावल्याने तबकडी पडते का" या विषयावर पाऊण तास चर्चा झाली, मग सगळे वर जाऊन एकेक करून उड्या मारून आले, आणि दुसरी तबकडी पडली. टेकूला कारणीभूत धरता आलं नाही, कारण त्याने उडी मारलीच नव्हती. तो जिन्याच्या दाराला टेकून बघत होता. तरी गच्चीवर धावण्यास बंदी असा ठराव झाला.

उरला रस्ता. पण खरी अडचण रस्त्याची नव्हती, ती प्रेरणेची होती. टेकूच्या असं लक्षात आलं की त्याला धावायची इच्छा होते, पण फक्त दुसरं कुणी धावताना बघितलं तरच. आणि तीही साधारण तासाभरात उतरते, तापाच्या गोळीसारखी. म्हणून त्याने शास्त्रशुद्ध उपाय केला. रोज पहाटे साडेपाचला उठायचं आणि फोनवर जुन्या मॅरेथॉन बघायच्या. सुरुवातीला वीस मिनिटं बघे. मग एखादी अटीतटीची शर्यत निघे, ती अर्धवट सोडवेना. साडेसातला तो प्रेरणेने अक्षरशः थरथरत उठे, आणि तेव्हा कार्यालयाची वेळ झालेली असे. दोन महिन्यांत तो अनोळखी देशांतल्या धावपटूंना चालीवरून ओळखू लागला. स्वतः मात्र एकूण चार वेळा धावला. त्यात एकदा कुत्रं होतं.

"तू दमलेला दिसतोस," बायको म्हणाली.

"रोज बेचाळीस किलोमीटर होतायत," टेकू म्हणाला.

आता मुख्य घोटाळा. दौडीत नाव घालायचं तर एक साधा फॉर्म होता. नाव, वय, टी-शर्टचं माप. दुसरा कुणी असता तर भरून मोकळा झाला असता. पण टेकू बारा वर्षं आवक शाखेत होता. कुठल्याही कागदाला दुसरा कागद जोडलेला नसेल तर त्याला तो कागद उघडा वाटे. त्याने विचार केला, आपण शासकीय कर्मचारी. रविवारी भर रस्त्यात धावणार. उद्या कुणी विचारलं, कुणाच्या परवानगीने धावलास? म्हणून त्याने कार्यालयाला रीतसर अर्ज लिहिला: "शहर दौडीत सहभागी होण्यास परवानगी मिळणेबाबत." अर्ज स्वतःच स्वीकारला, स्वतःच शिक्का मारला, आवक क्रमांक २२१४ घातला आणि पुढच्या टेबलावर सरकवला. परवानगी आली की फॉर्म भरायचा, असा बेत.

परवानगी आली नाही. फॉर्म भरायची शेवटची तारीख आली आणि गेली. तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा टेकू उठला आणि कागद पुढे कुठे जातो ते बघायला निघाला.

कागद आस्थापना शाखेतल्या बाईंकडे होता. बाईंनी चष्मा वर केला. "अरे, तुमचाच शोध चालला होता. आदेश निघालाय की तुमचा! अभिनंदन." आणि त्यांनी एक कागद पुढे केला. त्यात म्हटलं होतं की शहर दौडीच्या आयोजकांनी पिण्याच्या पाण्याची मागणी केलेली असून, सदर कर्मचाऱ्याने स्वेच्छेने अर्ज केलेला असल्याने, त्यास चौथ्या किलोमीटरवरील पाणीवाटप टेबलावर सकाळी सहा ते दहा नेमण्यात येत आहे.

"पण मला धावायचं होतं," टेकू म्हणाला.

"तसं लिहिलंय अर्जात?"

"सहभागी होणेबाबत लिहिलंय."

"मग होताय की सहभागी." बाई समजुतीने म्हणाल्या. "हे बघा, दौडीचा आमच्याकडे एकच विषय चालू आहे, पाणीवाटप. त्याला जोडला तुमचा कागद. रविवारचं काम घ्यायला एकही माणूस तयार नव्हता, साहेब तर खूश झाले. धावायचा विषय नव्याने उघडावा लागेल. तो आता पुढच्या वर्षी."

टेकू त्यांच्या कपाटाला टेकला. कपाटही जरा कललं.

घरी कन्या पाटी रंगवत होती. जाड पुठ्ठा, लाल रंग. "बाबा" लिहून झालं होतं आणि पुढे उद्गारचिन्हांसाठी जागा सोडली होती. सहा मैत्रिणी येणार होत्या. एक तर आजोळी जायचं सोडून येणार होती.

"बाबा, तू नक्की असशील ना?"

"मी रस्त्यावर असेन," टेकू म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्याला रात्री जेवण गेलं नाही. बायकोला त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, त्याचं मनगट हातात धरलं, पण या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"सांगून टाक तिला," ती म्हणाली.

"सांगतो उद्या."

बायकोने वहीकडे पाहिलं. "हे तेरा झालं," ती म्हणाली.

उद्याचा परवा झाला आणि परवाचा रविवार.

आयोजकांनी प्लास्टिकला आणि कागदी कपांना मनाई केली होती. म्हणून कार्यालयाने भांडारातले स्टीलचे ग्लास द्यायचं ठरवलं. प्रत्येकावर लाल रंगात क्रमांक. शनिवारी संध्याकाळी भांडारपालाने ते टेकूपुढे मांडले.

"पन्नास देतोय. पन्नास परत हवेत."

"अहो, लोक धावत असतील. ग्लास परत द्यायला थांबतील कसे?"

"सरकारी पाणी पितायत. थांबतील," भांडारपाल म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हा एक नंबरचा जपून. साहेबांचा आहे. एकोणपन्नासच भरले म्हणून घातलाय. सोमवारी सकाळी टेबलावर नसला तर मी तुझं नाव सांगेन."

रविवारी सहाला टेकू टेबलामागे उभा राहिला. टेबल डुगडुगत होतं, त्यामुळे टेकायचीही सोय नव्हती. पहिले धावपटू ग्लासांकडे ढुंकून न बघता गेले. मग साधी माणसं आली, तहानलेली. टेकू प्रत्येकाला ग्लास देई आणि बाजूने दोन पावलं पळत सांगे, "इथेच प्या हं, ग्लास परत करायचाय." माणसं गोंधळून थांबत. थांबलेल्यांमागे दुसरी थांबत. पाहता पाहता शर्यतीच्या मधोमध व्यवस्थित रांग लागली. ती कुणी लावली नव्हती. पाणीपुरवठा कार्यालयाचा फलक बघून लोकांचे पाय आपोआप रांगेत पडले होते. मागून एकाने तर विचारलं, "टोकन कुठे मिळतंय?"

सव्वासातच्या सुमारास पांढरी टोपी आली. तीच चड्डी. आजोबांनी रांगेकडे पाहिलंही नाही. बाजूने आले, हात घातला, मधला एक ग्लास उचलला आणि चालू पडले. टेकूने त्यांना ओळखलं, आणि त्याला आनंद व्हायच्या आतच ग्लासाच्या पाठीवरचा लाल एक दिसला.

"आजोबा! ग्लास!"

आजोबा पाणी घोटाघोटाने पिणाऱ्यांतले होते. धावता धावता एक घोट, मग शंभर पावलं, मग दुसरा. टेकूने रांगेकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, सोमवारची सकाळ डोळ्यांपुढे आणली, आणि धावला.

पहिली दोनशे पावलं त्याला वाटलं, आता गाठतो. सत्तर वर्षांचा म्हातारा, हातात पाण्याचा ग्लास, जाऊन जाऊन जाईल कुठे? पण अंतर तेवढंच राहत होतं. पाचशे पावलांवर कुशीत कळ आली. "ग्लास!" तो ओरडला. "ग्लास! ग्लास!" कडेच्या लोकांना ती घोषणा वाटली. त्यांनी ती उचलली. दोन्ही बाजूंनी टाळ्यांच्या तालावर "ग्लास! ग्लास!" सुरू झालं. आजोबांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. त्यांनी ग्लास उंचावून लोकांना दाखवला आणि वेग वाढवला.

पायात कार्यालयाचे चामडी बूट, गळ्यात ओळखपत्र, ते दर पावलाला हनुवटीवर आपटतंय. पाचव्या किलोमीटरची पाटी गेली. टेकूला काही दिसेनासं झालं. दिसत होती फक्त ती चड्डी. आपण का पळतोय, कुणाचा ग्लास, कुठला साहेब, सगळं पुसट झालं. दोन महिने फोनवर बघितलेल्यांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर एवढे हाल दिसले नव्हते. ते सगळे नट असावेत, असं त्याला वाटून गेलं.

आणि मग ओळखीचं फाटक आलं. दोरीमागे सात मुली, एक पाटी, "बाबा" आणि पुढे नऊ उद्गारचिन्हं.

मुली एकदम किंचाळल्या. मास्तर गॅलरीतून गरजले, "छाती पुढे! मान वर!" काकू म्हणाल्या, "गुडघा रे, गुडघा!" बायकोने त्याच्या तोंडाचा रंग पाहिला आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून ती दोरीच्या आतून बरोबर धावायला लागली. कन्या ओरडत नव्हती. पाटी धरून नुसती बघत होती, तोंड उघडं ठेवून.

टेकूला थांबायचं होतं. सगळं अंग थांब म्हणत होतं. पण तिच्यासमोर थांबता येईना. तो तसाच पुढे गेला.

फाटकापुढे दीडशे पावलांवर आजोबांचं पाणी संपलं. ते वळले, ग्लास टेकूच्या हातात ठेवला, "गार नव्हतं," म्हणाले आणि गेले. टेकू दिव्याच्या खांबाला टेकला. खांब पक्का होता.

दुपारी कन्या वही घेऊन आली. पेन्सिल हातात होती, पण उघडी वही मांडीवर तशीच.

"बाबा, तुझ्या छातीवर नंबर नव्हता."

"नव्हता."

"तू शर्यतीत धावत होतास, की त्या आजोबांच्या मागे?"

टेकूने सगळं सांगितलं. अर्ज, आदेश, टेबल, ग्लास.

"मग टिक करू की नको?" तिने विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "मैत्रिणी म्हणाल्या, नंबर नसला तर धरत नाहीत. काही कागद आहे का तुझ्याकडे?"

कागद नव्हता. चौकोन कोरा राहिला.

कागद मंगळवारी आला. टेकू धावत असताना साहेब पाहणीला आले होते. त्यांना चौथ्या किलोमीटरवर एक रिकामं टेबल, एकोणपन्नास ग्लास आणि शिस्तीत उभी असलेली ऐंशी माणसांची रांग सापडली होती. टेकूला नोटीस निघाली. त्याने केबिनमध्ये जाऊन ती वाचली. टेबलावर एक नंबरचा ग्लास झाकण घालून ठेवलेला होता.

साहेब वाईट नव्हते, कंटाळलेले होते. "हे बघा," ते म्हणाले, "उगाच वाढवू नका. दोन ओळींचा खुलासा लिहा. जवळच होतो, चालत जरा बाजूला गेलो होतो. विषय संपला. नाहीतर ताकीद द्यावी लागेल, सेवापुस्तकात नोंद होईल. कायमची."

"कायमची?" टेकूने विचारलं.

"निवृत्तीपर्यंत."

"त्यात काय लिहितील, साहेब?"

"जे घडलं ते. धावत गेलात म्हणून."

टेकू केबिनच्या मधोमध उभा होता. डावीकडे कपाट होतं, उजवीकडे भिंत होती, समोर खुर्चीची पाठ होती. पाय शनिवारसारखे राहिले नव्हते. मांड्या जळत होत्या.

"मी चालत गेलो नव्हतो, साहेब," तो म्हणाला. "धावतच गेलो होतो. तसंच असू द्या."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि ताकिदीवर सही केली.

संध्याकाळी टेकूने घरी आल्या आल्या कन्येपुढे कागद ठेवला. साक्षांकित प्रत, गोल शिक्का, आवक क्रमांक २३०६. ती एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली.

"सदर कर्मचारी, शहर दौडीच्या दिवशी, नेमून दिलेल्या जागेपासून, दौडीच्या मार्गावरून, अंदाजे दोन किलोमीटर, विनापरवानगी धावत गेल्याचे, नि-दर्श-नास आले आहे." तिने वर पाहिलं. "दौडीच्या मार्गावरून."

"हो."

"साहेबांची सही?"

"साहेबांची."

"विनापरवानगी म्हणजे काय रे?"

टेकूने जरा विचार केला. "म्हणजे आपल्या मनाने," तो म्हणाला.

कन्येने शिक्क्यावरून बोट फिरवलं, तो ओला नाही ना बघितलं. मग वही उघडली, बाराव्या चौकोनात टिक केली आणि ती नीट दिसेना म्हणून तिच्यावरूनच पुन्हा गिरवली. फ्रिजवरचा गुडघ्याचा एक्स-रे काढून तिथे ताकीद लावली.

"सायकल," ती वहीत बघत म्हणाली. "ती दोन नंबरला आहे."

"उद्या," टेकू म्हणाला आणि फ्रिजला टेकला. मग तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला, आणि पाना शोधायला खाली वाकला.